चौथ्या खाटेवरचा अठ्ठ्याण्णव

आयसीयूत सगळे तिला काटेकोर सिस्टर म्हणत, आणि त्यात कौतुक कमी, धास्ती जास्त. नोंद पाच मिनिटं उशिरा झाली तरी ती समोरच्याची खरडपट्टी काढायची. यंत्र सांगेल ते निमूट मानणाऱ्यांतली तर ती नव्हतीच. "आधी पेशंटचा हात हातात घ्या, नखं बघा, मग पडद्याकडे बघा," हे तिचं पालुपद सगळ्या नर्सना तोंडपाठ होतं.

अशी बाई खोटं बोलली, तेही तोंडातून एक शब्द न काढता.

चौथ्या खाटेवर एक बसचालक होता. रक्तदाब ढासळलेला, हातपाय गार. बोटांपर्यंत रक्तच नीट पोचत नव्हतं, त्यामुळे बोटाला लावलेल्या चिमट्याला प्राणवायूचा आकडा सापडेना. पडद्यावर नुसत्या रेघा आणि यंत्राची टिवटिव. चिमटाच बिघडलाय का, हे बघायला सिस्टरनं तो क्षणभर स्वतःच्या बोटाला लावला. ही तिची नेहमीची रीत. पडद्यावर अठ्ठ्याण्णव उमटलं.

नेमकी तेव्हाच काचेपलीकडे त्याची बायको येऊन उभी राहिली. शिवणकाम करणारी बाई, चार दिवस बाहेरच्या बाकावर बसून होती, पोटात धड अन्न नव्हतं. विचारून विचारून तिला एवढंच कळलं होतं, की आकडा नव्वदच्या वर असला म्हणजे बरं. तिनं पडद्याकडे बोट दाखवलं, भुवया उंचावल्या. सिस्टरनं मान डोलावली.

का डोलावली? दया आली म्हणून, असं ती पुढे स्वतःला सांगत राहिली. खरं तर समजावत बसायला वेळ नव्हता, आणि तो उजळलेला चेहरा पाडायची हिंमतही नव्हती. उपचारांत कसूर झाली नाही. डॉक्टरांनी लगेच धमनीतलं रक्त तपासलं, औषधं वाढवली. बायको मात्र निर्धास्त घरी गेली, जेवली, झोपली. दुपारी नवरा गेला तेव्हा ती झोपेतच होती.

त्यानंतर दरवर्षी ती एक कापडी पिशवी शिवून आणायची. "तुमच्यामुळे मी चांगला आकडा बघून घरी गेले, सिस्टर," म्हणायची. सहा पिशव्या साठल्या. एकही वापरायचा धीर झाला नाही. कपाट उघडलं की त्या खायला उठत.

सातवी आली तेव्हा सिस्टरच्या निवृत्तीला आठवडा उरला होता. आता तिला राहवलं नाही. बाकावर शेजारी बसून ती म्हणाली, "तो आकडा माझा होता. चिमटा माझ्या बोटाला होता. मी मान हलवायला नको होती."

ती बाई पिशवीची शिवण चाचपत राहिली. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मग त्यांचा किती होता?"

"मशीनला मिळतच नव्हता. हात फार गार पडले होते."

"गार होते," ती हळूच म्हणाली. "आणि मी घरी जाऊन गरमगरम जेवले. दोनदा वाढून घेतलं."

सात वर्षं उरावर वागवलेला धोंडा सिस्टरनं उतरवला होता खरा, पण ठेवला होता तो या बाईच्या उरावर. आणि आता तो परत मागून घेता येणार नव्हता.