पडला त्याने हौदा खणायचा

थोरल्या भावाचा लंगोट आमच्या सोप्यातल्या खुंटीला लटकत असायचा. भाऊ गेल्यावरही आईने तो कुणाला हलवू दिला नाही. तांबड्या मातीने वाळून कडक झालेला. येता-जाता माझा खांदा त्याला लागला की अंगावर काटा यायचा.

एकोणीसशे साठनंतरची ही गोष्ट. आमचं गाव कुंडलजवळचं, आणि भाऊ गावाचा लाडका पैलवान. त्याची पाठ मातीला लागलेली कुणी पाहिली नव्हती. कडेगावच्या जत्रेत एका पोरसवदा गड्याने ती लावली. आमच्या तालमीची एक रीत होती. पडून आलेल्याने दुसऱ्या दिवशी पहाटे एकट्याने कुस्तीचा हौदा खणायचा, सगळी माती खालवर करायची. आदल्या संध्याकाळी वस्ताद स्वतः येऊन त्याच्या दारात फावडं ठेवून जात. भाऊ ते घेऊन पहाटे बाहेर पडला, एवढं मला आठवतं. परत आला तो भिंतीकडे तोंड करून निजला. पुन्हा तालीम नाही, खुराक नाही. पुढे विषमज्वर झाला तेव्हा त्या अंगात झुंजायला काही उरलंच नव्हतं.

आई म्हणायची, "त्यो जत्रंतच गेला. ताप मागनं आला."

तरी मी तालमीत जाऊ लागलो. मला त्याच्यासारखं व्हायचं होतं. अक्कल म्हणाल तर तेवढीच होती. जोर मारताना भाऊ दातांतून श्वास सोडायचा, सूं सूं असा. तो आवाज मला मागून ऐकू यायचा. वळून पाहिलं की नुसती भिंत. हे मी कुणाला बोललो नाही. पैलवान भुताला भितो म्हटल्यावर गावाने मला जगू दिलं असतं होय?

आणि त्याच कडेगावच्या जत्रेत मीही पडलो. हलगी जोरात होती, समोरच्याने डावीकडून कंबर धरली आणि मला एकदम आभाळ दिसलं. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "भावावरच गेलाय गड्या." पडल्यापेक्षा ते जास्त लागलं.

घरी येऊन मी आडवा झालो आणि भिंतीकडे वळलो. मागे आईच्या हातातला तांब्या खाली पडला.

दिवेलागणीला वस्ताद आले. दारात फावडं टेकवून म्हणाले, "ही सजा न्हाई रं. खण, मंजी कुठं कच्चा हायस ते तुजं तुला कळंल." मी वळलोसुद्धा नाही. मला त्यांचा भयंकर राग आला होता.

पहाटे जाग आली तेव्हा तोंड भिंतीकडेच होतं, आणि सूं सूं तिथूनच येत होतं. मी घाबरलो. शौर्य वगैरे काही नाही, निव्वळ भीतीने उठलो आणि फावडं उचललं.

हौद्यातल्या मातीत मुरवलेल्या ताक-हळदीचा आंबूस वास होता. मी खणत सुटलो. थोड्याच वेळात डावी कंबर मोडायला लागली. उजवी बाजू ठणठणीत, डावी दर घावाला ढिली पडत होती. समोरच्याने हात घातला होता तीच जागा. वर्षभर जोर-बैठका काढून जे कळलं नव्हतं ते पडल्यावर कळत होतं. मला हसू आलं आणि रडूही. मी पाय बदलला आणि मुद्दाम डाव्या बाजूने खणू लागलो. मागचा श्वास सुरूच होता. या वेळी मी वळून पाहिलं नाही.

उजाडल्यावर बाहेर आलो तर तालमीच्या भिंतीला टेकून आई बसली होती. बायका त्या बोळातूनसुद्धा जात नसत.

"आई, तू हितं कशाला आलीस?"

"त्याच्या येळंला बी आले हुते," ती म्हणाली. "त्यो आत गेला, दार लावलं. मी हितंच बसले. उन्हं आली तरी फावड्याचा आवाज न्हाई. बाईनं आत कसं जायाचं? म्हनून बसूनच ऱ्हायले."

हात मातीने भरलेले, तसाच तिच्यासमोर बसलो. तिने पदराने तोंड पुसलं, पण उठली नाही.

"आजून वाईच खण की रं," ती म्हणाली. "मी ऐकत बसते."

मी आत गेलो आणि पुन्हा फावडं उचललं.