शुक्रवारचं बजेट

मंगळवारी सकाळी फोन वाजला तेव्हा मी पोह्यांना फोडणी घालत होते. रास अल खैमाहून मिलिंदचा रूममेट बोलत होता. "भाभीजी, कोहरा बहुत था... गाडी पलट गयी..." मिलिंद गेला होता. आधीच्याच शुक्रवारी मिलिंदने माझ्या डायनिंग टेबलावर थाप मारून "खलास! बजेट पास!" अशी आरोळी ठोकली होती. माघात त्याचं लग्न होतं. ती तारीख परवा येऊन गेली, आणि त्या दिवशी मी दिवसभर उगाच कपाटं आवरत बसले.

मिलिंद माझ्या धाकट्या दिराचा वर्गमित्र. रास अल खैमातल्या टाइल्सच्या कारखान्यात इंजिनियर. उज्ज्वला शारजातल्या एका दवाखान्यात हिशेब बघते आणि आणखी तिघींबरोबर एका फ्लॅटमध्ये राहते. दोघांचं जमलं ते गणपतीच्या आरतीला, आमच्या डोळ्यांदेखत. पण जमलं तरी भेटणार कुठे? शारजात नियम कडक झालेले, लग्नाआधी जोडीने खाडीकाठी बाकावर बसायचीसुद्धा धास्ती. म्हणून दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, दोघं शारजातल्याच अल मजाज भागात आमच्या घरी येत. अट एकच, मी घरात हवी. त्यामुळे आमच्या ह्यांना मासळीबाजारात एकट्याला पाठवावं लागे, आणि सुरमई सांगितली तर हे गोड बोलणाऱ्या कुणाकडून तरी मऊ पडलेली मासळी घेऊन येत. "तुमच्या लग्नापायी आम्ही शिळी मासळी खातोय," असं मी मिलिंदला येता-जाता ऐकवायची. तो हात जोडायचा आणि ताटातली सगळ्यात मोठी तुकडी उचलायचा.

लग्न स्वतःच्या पैशांनी करायचं, हे दोघांनी ठरवलेलं. उज्ज्वलाचे वडील निवृत्त मास्तर. मुलीकडून एक पैसा घ्यायचा नाही, असं मिलिंद म्हणाला. मग तुझ्या आईनेही बांगडी मोडायची नाही, असं ती म्हणाली. झालं! बोलायला सोपं होतं, निभवायला तीन वर्षं लागली. जरा पैसे जमले की काहीतरी निघायचं. एकदा त्याच्या वडिलांची बायपास, एकदा तिच्या भावाची इंजिनियरिंगची फी... की पुन्हा पहिल्यापासून बजेट.

सगळ्यात जास्त भांडण सनईवरून व्हायचं. बहिणीच्या लग्नात ऐन मंगलाष्टकांनंतर कॅसेट अडकली होती म्हणे, तेव्हापासून मिलिंदला आपल्या लग्नात खरा सनईवाला हवा होता.

"चारशे दिरहम? म्हणजे बावन्नशे रुपये! एका सकाळचे?" उज्ज्वला पेन्सिल आपटायची.

"मग जिलबी काट."

"जिलबी काटून बघ तू!"

आमची नेहा आतून ओरडायची, "मम्मा, आर दे फायटिंग अगेन?" आणि मिलिंद तिथूनच उत्तर द्यायचा, "नो बेटा, वी आर गेटिंग मॅरिड!" मी कितीदा म्हटलं, अरे, दुबईत देवळात जा, एकमेकांना हार घाला आणि मोकळे व्हा. त्यावर दोघंही माझ्याकडे असे बघत, जणू मी त्यांना पळून जायला सांगत होते.

त्या शेवटच्या शुक्रवारी मिलिंदने स्वतःहून सनई काटली. "जाऊ दे, कॅसेट लावू," म्हणाला. उज्ज्वलाने आपला शालू काटला आणि सनई परत घातली. "आईचाच नेसेन. चांगला आहे तो." त्यावरच ती आरोळी आणि टेबलावरची थाप. माझा चहा बशीत सांडला होता.

त्या मंगळवारनंतर, मिलिंदला घरी न्यायच्या कागदपत्रांसाठी मी तिच्याबरोबर गेले. खिडकीतल्या माणसाने अर्ज पुढे ओढला आणि विचारलं, "वाइफ?" ती नाही म्हणाली. "सिस्टर?" तेही नाही. माणूस वाईट नव्हता. "मॅडम, फिर आप कौन?" त्याने अगदी हळू विचारलं. पंगतीतल्या जिलबीपर्यंत सगळं ठरवून झालेल्या त्या मुलीने अर्ज परत घेतला आणि घडी करून पर्समध्ये ठेवला... शेवटी साताऱ्याहून मिलिंदच्या भावाचा सहीचा फॅक्स आला तेव्हा पुढचं हललं. कंपनीने त्याला पेटीतून घरी पाठवलं. ती त्याच विमानात, आपल्या पैशाने, वरच्या खुर्चीत. विमानतळावर मला म्हणाली, "वहिनी, बजेटात दोन तिकिटं धरली होती आम्ही. एकच लागलं."

मला राग येतो. धुक्याचा येतो, त्या अर्जाचा येतो, आणि खरं सांगायचं तर या दोघांच्या स्वाभिमानाचाही येतो. इतकी शहाणी मुलं, आणि एक हार घालून घेतला नाही.

पंधरा दिवसांनी ती परत आली, कामावर रुजू झाली. आणि शुक्रवारी, नेहमीच्या वेळेला, आमची बेल वाजली. मी सवयीने ह्यांच्या हातात बाजाराची पिशवी दिली आणि चहा टाकायला वळले. उज्ज्वला टेबलाशी आपल्या नेहमीच्या खुर्चीत बसली, समोरच्या खुर्चीकडे न बघता. मग तिने ह्यांच्या हातातली पिशवी घेतली आणि माझ्यापुढे धरली.

"वहिनी, आता तुम्ही पण जात जा बाजारात. मी एकटीच तर असते."