लाल लोकरीचं पातेलं

पिरी आंटीच्या घरात टेबलावर बूड टेकलेला माणूस पुन्हा त्या घरात बसलेला कोणी पाहिला नाही. टेबल जेवणासाठी. उशी डोक्यासाठी, तिच्यावर बसायचं नाही. कंगवा जेवणाच्या जागी ठेवायचा नाही, भांडी पुसायचं फडकं कपड्यांबरोबर धुवायचं नाही. डोकं पवित्र, त्याची आणि अन्नाची गाठ पडता कामा नये. न्यूझीलंडच्या उत्तरेला, होकिआंगाच्या खाडीकाठी, आमच्या सगळ्याच माओरी घरांत हे नियम आहेत, पण इतरांकडे नुसते नियम असतात. आंटीकडे पोलीसही होते, आणि ते पोलीस म्हणजे ती स्वतः.

आंटीने जन्मभर शाळेची बस चालवली. निवृत्त झाल्यावर ओरडायला कोणी उरलं नाही, म्हणून तिने कावाकावाच्या औषधी झुडपांकडे मोर्चा वळवला. त्या पानांच्या पाण्याचे ती केसांसाठी आणि त्वचेसाठी स्प्रे करू लागली. आता असली बाई केसांचं पाणी स्वयंपाकघरात करणं शक्यच नव्हतं. मग कपडे धुवायच्या खोलीत एक शेगडी आली, एक जुना बुटका फ्रिज आला आणि एक मोठं स्टीलचं पातेलं आलं. पातेल्याच्या दोन्ही कानांना लाल लोकर बांधलेली. म्हणजे हे डोक्याचं, यात अन्न शिजवायचं नाही.

"या घरात माझ्यापेक्षा पातेल्याला मान आहे," तिचे यजमान एरू अंकल कुरकुरायचे.

"मग तूही कानांना लोकर बांधून घे," आंटी म्हणायची.

मी तिचा भाचा. माझं काम बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायचं. एखादी तिरकी लागली की ऐकून घ्यावं लागे, "मी अशी बस चालवली असती ना, तर तू शाळेऐवजी खाडीत गेला असतास."

पानं घ्यायची ती अळीने भोकं पाडलेलीच. चांगलं पान कुठलं हे अळीला आपल्याआधी कळतं. तोडण्याआधी झुडपापाशी उभं राहून प्रार्थना. घरी आणून गरम पाण्यात टाकायची, रोझमेरीच्या दोन काड्या घालायच्या, उकळी फुटायच्या आत आच बंद आणि झाकण लावून दुसऱ्या दिवसापर्यंत मुरू द्यायचं. मग उशीच्या जुन्या अभ्र्यातून गाळायचं. अभ्राच, कारण तोही डोक्याचा. टिकावं म्हणून शेवटी थोडी व्होडका. ती ओतली जात असताना अंकल दारात टोपी काढून उभे राहत.

या पाण्याने केस उगवतात असा आंटीचा दावा नव्हता. डोकं शांत होतं, खाज कमी होते, एवढंच ती सांगे. पण त्या उन्हाळ्याअखेरीस तिला ते पाणी एका डोक्यासाठी हवं होतं.

तिची धाकटी बहीण आकिनिही. तिचे केस कमरेखाली जायचे. तरुणपणी ती मराएवर, गावाच्या सभाघराच्या आवारात, नाचायला उभी राहिली की मागच्या ओळीतल्या मुली निम्मा वेळ तिच्या केसांचे फटके खाण्यात घालवत. ऑकलंडच्या हॉस्पिटलात कर्करोगाचे उपचार झाले आणि ते सगळे केस गेले. उपचार संपले, आजार हटला, पण आकिनिहीने टोपी घातली ती घातलीच. फोनवर तोंड दाखवायची तेही टोपीतच. सख्ख्या बहिणीलाही तिने आपलं डोकं पाहू दिलं नव्हतं.

"येते, पण एका दुपारपुरती," ती फोनवर म्हणाली. "टोपी काढणार नाही."

"टोपी तुझी आहे. पण डोक्याला माझं पाणी लागू दे."

पलीकडून आलं, "बघू."

त्या एका 'बघू'वर आंटीने आठवडा काढला. मधे गावात मयत झालं तेव्हा ती मराएवर पाहुण्यांचा स्वयंपाक करायला गेली, आणि तिथेही बटाटे सोलता सोलता तेच. "'बघू' म्हणाली ती. 'नाही' नाही म्हणाली." तिथून परतली आणि लगेच पानं तोडून पाणी करायला घेतलं.

ठरल्या दिवशी आकिनिही आली. भर उन्हात निळी लोकरीची टोपी, तीही भुवयांपर्यंत. व्हरांड्यात चहा झाला. आंटीने बाटली आणली आणि शेजारी बसली. आकिनिहीने बाटलीकडे पाहिलं, खाडीकडे पाहिलं, आणि तिचा हात हळूहळू टोपीच्या कडेपाशी गेला.

"थांब, पिरी," अंकल म्हणाले.

हात खाली आला. आंटीने नवऱ्याकडे असं पाहिलं की मीच खुर्ची मागे सरकवली.

"ते पाणी तिच्या डोक्याला लावू नकोस."

"का?"

अंकल आपल्या बुटांशी बोलू लागले. "मयताच्या दिवशी स्वयंपाकघरातलं मोठं पातेलं तू मराएवर नेलं होतंस. आणि मी समुद्रावरून शिंपल्या आणल्या होत्या."

"मग?"

"मग लाल लोकर सोडून ठेवली."

"आणि?"

"नंतर परत बांधली."

अंकल गप्प बसले असते तर कोणाला काही कळलं नसतं. पाणी गाळलेलं होतं, बाटलीत होतं, वास रोझमेरीचा होता. पण पुढ्यात आकिनिहीचं डोकं होतं, आणि तेवढं काही त्यांच्याने झालं नाही.

"मला शंका आलीच होती," आंटी शांतपणे म्हणाली. तिचा शांतपणा तिच्या ओरडण्यापेक्षा वाईट. "पातेलं चकचकीत होतं. लग्न झाल्यापासून या माणसाने चमचा धुतलेला नाही. मला वाटलं, म्हातारपणी सुधारला."

"म्हणजे माझ्या डोक्यावर तू शिंपल्यांचं कालवण ओतणार होतीस?" आकिनिही म्हणाली. मग अंकलकडे वळून, "लसूण घातला होतास?"

"थोडा."

"कांदा?"

"कांदा नव्हता घरात."

आकिनिही हसायला लागली. आधी नुसते खांदे, मग सगळी खुर्ची. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, पुसायला जवळ काही नव्हतं, तेव्हा तिने डोक्यावरची टोपी ओढून काढली आणि त्याच टोपीने डोळे पुसले.

अंकल बुटांकडे बघत राहिले, मी बाटलीवरच्या चिठ्ठीकडे, आंटी बाटलीकडे. पण दिसायचं ते दिसलंच. करडी, मऊ लव, पक्ष्याच्या पिलाच्या अंगावर असते तशी.

हातातली टोपी आकिनिहीच्या लक्षात आली. ती परत घालेल असं वाटलं. तिने ती मांडीवर ठेवली. "बघा आता काय बघायचं ते."

आंटीने नीट पाहिलं. "कान केवढे आहेत गं तुझे. इतकी वर्षं केसांनी झाकलेस."

"तुझ्यासारखेच आहेत. फक्त मी ते ऐकायला वापरले."

"नवीन पाणी करते," आंटी उठत म्हणाली. "पण मुरायला उद्या उजाडेल."

"मग उद्या जाईन."

"आणि या बाटल्यांचं काय?" मी विचारलं.

"पायांना चालेल. याच्या."

अंकलना शिक्षा म्हणून पानं आणायला पाठवलं. त्यांनी टवटवीत, गुळगुळीत, एकही भोक नसलेली पानं आणली.

"किती छान निवडून आणलीत, बघ," ते म्हणाले.

"अळीने थुंकून टाकलेली आणलीस," आंटी म्हणाली. "परत जा."

दुसऱ्यांदा गेले ते फेरीबोटीने खाडीपलीकडे जाऊन नवं पातेलंही घेऊन आले. लाल लोकर त्यांनी स्वतःच बांधली, आणि कोणी पुन्हा सोडू नये म्हणून इतक्या गाठी मारल्या की झाकण बसेना. आंटीने झाकणावर वीट ठेवली, गाठींना हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी बहिणी आतल्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं. मी आणि अंकल पायरीवर बसलो. अंकलचे पाय अनवाणी, शिंपल्यांच्या पाण्याने चमकणारे. शेजारच्यांची मांजर आली, तिने हुंगलं आणि डाव्या अंगठ्यापासून चाटायला सुरुवात केली.

"हलू नका, अंकल," मी म्हणालो. "पहिलं गिऱ्हाईक आहे."

आतून फुस्स फुस्स आवाज आला.

"गार आहे गं," आकिनिही म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "कानामागे राहिलं."