टिचबटणाचा बेल्ट

माझ्या हातांना एक खोड आहे. कुणाचं काही सुटलेलं, उसवलेलं दिसलं की ते आधी तिकडे धावतात. अकोल्यात घरीच ब्लाउज शिवण्यात वीस वर्षं गेली, तेव्हा ही खोड आता जायची नाही. लेकीच्या बाबतीत तर मी हद्दच केली. तिला डाऊन सिंड्रोम आहे. बोटं मऊ, पकड ढिली, बोलणं घरच्यांनाच कळणारं. त्यामुळे ती बारा वर्षांची होईस्तोवर तिची बटणं मी लावली, वेणी मी घातली, आणि कुणी तिला नाव विचारलं तर तेही मीच सांगितलं.

कराटेच्या क्लासला तिला घातलं तेव्हा जाऊबाई म्हणाल्या, जिला चप्पल सरळ घालता येत नाही ती काय लाथा मारणार. मला असा राग आला की त्या रागापायीच मी तिला रोज क्लासला नेत राहिले. खरं सांगते, विश्वास माझाही नव्हता.

क्लास आमच्या वस्तीतल्या विहाराच्या सभागृहात, संध्याकाळी. शिकवणाऱ्या मॅडम तेल्हाऱ्याच्या, जिभेने तिखट. त्यांनी लेकीचे लाड केले नाहीत, फक्त एकेक गोष्ट शंभरदा करून घेतली. पहिला महिना ती नुसती उभं राहायला शिकली. पाय फाकवून, गुडघे वाकवून, तोल जाऊ न देता. मग ठोसा, मग आरोळी. जिचा आवाज स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत येत नव्हता, तिची आरोळी रस्त्यावर ऐकू येऊ लागली. वर्षभरात कठडा न धरता जिना चढायला लागली. दुकानदाराने भलताच बिस्किटपुडा दिला तर परत करायला लागली. मी भेटेल त्याला हे सांगत सुटले, जाऊबाईंना तर दोनदा सांगितलं.

अडलं ते सुरुवातीच्या पांढऱ्या बेल्टच्या गाठीपाशी. कमरेभोवती दोन फेरे, एक टोक खालून वर काढायचं आणि मग गाठ. मॅडमचा नियम असा की ज्याचा बेल्ट त्यानेच बांधायचा, नाहीतर परीक्षेला बसायचं नाही. यलो बेल्टची परीक्षा अमरावतीला होती. लेकीने पलंगाशेजारच्या भिंतीवर पिवळ्या कागदाची पट्टी चिकटवून ठेवली होती, आणि गाठ काही तिच्या बोटांना जमत नव्हती. मग मी माझं डोकं चालवलं. छान गाठ मारून ती शिवूनच टाकली आणि बेल्ट मागून कापून टिचबटणं लावली. टिच केलं की झालं. काम असं सफाईचं की कुणाच्या बापाला कळू नये.

मॅडमना आठवड्यात कळलं. गाठ रोज तंतोतंत सारखीच कशी येते, एवढ्यावरून. लेकीला त्या काही बोलल्या नाहीत. मला बाहेर पायरीवर बोलावलं आणि बेल्ट माझ्या हातात ठेवला.

"ताई, हे तुमी तिच्यासाठी शिवलं, का तुमच्यासाठी?"

ती चारचौघांत अडखळली तर मलाच ते बघवणार नव्हतं, खरी गोष्ट एवढीच होती. घरी येऊन तो बेल्ट टाकून दिला आणि नवा आणला. पुढे दोन महिने ती रोज माझ्या मशीनशेजारी उभी राहून गाठ बांधायची, आणि मी हात मांडीखाली दाबून बसायचे.

परीक्षेच्या सकाळी एसटीने अमरावतीला पोचलो. तिने बेल्ट स्वतः बांधला, जरा तिरका. समोर टेबलाशी परीक्षक, मागे सतरंजीवर आम्ही पालक. ठोसे, अडवणं, वळणं, सगळं क्रमाने चाललं होतं, आणि मध्येच गाठ सुटली. बेल्ट तिच्या पायाशी पडला.

कराटेत रीत अशी की बेल्ट सुटला तर परीक्षकांकडे पाठ करायची, गुडघ्यावर बसायचं आणि बांधून पुन्हा उभं राहायचं. ती वळली आणि तिचं तोंड नेमकं माझ्याकडे झालं. एक फेरा. दुसरा फेरा. टोक निसटलं. पुन्हा पहिल्यापासून. सगळा हॉल थांबला होता. मी कधी उठले ते मला कळलं नाही, पण दोन पावलं पुढे गेले होते आणि हात पुढे केले होते.

तिने मान वर केली. एरवी तिच्या तोंडात शब्द घोळतात, हे मात्र सगळ्यांना स्वच्छ ऐकू गेलं.

"आई, तू बस. मी करून राहिली ना."

मी बसले. तिने गाठ मारली, उठली, वळली आणि जिथे थांबली होती तिथूनच पुढे सुरू केलं. मी रडले आणि मला त्याची लाज वाटली नाही. इतका अभिमान मला माझ्या कुठल्याच कामाचा कधी वाटला नव्हता.

परत येताना एसटीत ती ड्रेसवर पिवळा बेल्ट बांधूनच बसली होती. शेजारच्या बाईने कौतुकाने तिचं नाव विचारलं. माझे ओठ हलले होते, ते मी मिटले आणि खिडकीबाहेर बघत राहिले. लेकीने नाव सांगितलं. बाईला कळलं नाही, तेव्हा तिने ते पुन्हा सांगितलं, आडनावासकट.