ओळ सांगणारे टॉलिव्हर

इसाया टॉलिव्हर चर्चचे जुने सेवक, म्हणून अख्खं गाव त्यांना डीकन म्हणे. कापसाच्या जिनिंगमधून निवृत्त झाल्यावर मिसिसिपीतल्या त्या गावात त्यांचा मान एकाच गोष्टीचा होता. रविवारी ते उभं राहून भजनाची ओळ खड्या आवाजात सांगत आणि मंडळी ती घोळवून घोळवून गात. पणजोबांना अक्षरओळख नव्हती, तेव्हापासूनची ही रीत. आता सगळ्यांना वाचता येतं, तरी डीकननी ओळ सांगितल्याशिवाय भजन सुरू करायची कुणाची छाती नव्हती.

तिसरीत वाचनाच्या परीक्षेत नापास झालेल्या मुलाला तिथे चौथीत घेत नाहीत. म्हणून शाळेनं चर्चकडे माणसं मागितली, एकेका मुलाजवळ बसून वाचून घ्यायला. डीकनच्या वाट्याला झनाया आली. वेण्यांना रंगीत मणी, आणि प्रत्येक शब्दाला अडखळणं. पोरीचे हाल त्यांना बघवेनात, म्हणून त्यांनी आपल्याला येत होतं तेच केलं. ते ओळ सांगत, ती मागून म्हणे. नाताळपर्यंत ती धडेच्या धडे घडाघडा म्हणू लागली.

"डीकन, तुमच्या हाताला गुण आहे," तिच्या वर्गाच्या मिस हबर्ड बाई म्हणाल्या. त्यांनी झनायाची जादा शिकवणी बंद करून ती जागा दुसऱ्या मुलाला दिली.

फेब्रुवारीत झनायानं चर्चमध्ये बायबलमधला उतारा वाचला. डीकन शेजारीच उभे होते. उतारा पुढच्या पानावर गेला तरी पोरीनं पान उलटलं नाही, आणि शब्द मात्र बिनचूक येत राहिले. मंडळी टाळ्या वाजवत होती. "आता आमच्या पास्टरनाही वाचायला शिकवा," मंडळीतली सिस्टर व्हर्नेल म्हणाली आणि सगळे हसले. डीकनही हसले. त्या हसण्याची त्यांना पुढे फार लाज वाटली. बाईंना सांगायचं त्यांनी ठरवलं, आणि सांगितलं नाही. गावभर मिरवलेलं कौतुक परत करणं जिवावर आलं होतं.

एप्रिलमध्ये झनाया नापास झाली.

"मला कळतच नाही," शाळेच्या व्हरांड्यात मिस हबर्ड म्हणाल्या. "तुमच्यापाशी तर फाडफाड वाचायची. घाबरली असेल बिचारी."

डीकननी होकारार्थी मान हलवली. घाबरली असेल. म्हणायला किती सोपं होतं.

पायरीवर बसलेली झनाया उठून जवळ आली. "रागावलात, डीकन?"

"नाही गं पोरी."

"त्यांनी धडा नवाच दिला. आधी कुणी म्हणूनसुद्धा दाखवला नाही." मग तिनं आवाज खाली आणला. "बाकीच्यांनी कधी पाठ केला?"

डीकनना तिच्याकडे बघवेना. ते बाईंकडे वळले.

"ती घाबरली नव्हती, बाई. तिला वाचता येत नाही. मी ओळ सांगायचो, ती म्हणायची. फेब्रुवारीपासून मला माहीत आहे आणि मी गप्प बसलो."

झनाया डीकनकडे बघत राहिली. आपल्याला वाचता येत नाही, हे तिला आत्ताच कळत होतं.