पाच फळ्या आणि पाच पाठी

मुलांनो, परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, आजोबांच्या डोक्यामागे पांढऱ्या फळीवर तो तपकिरी गोल कसला. फोनवर सांगायला गेले तर आजोबा मध्येच बोलतात, म्हणून लिहून पाठवते.

लातूरच्या आपल्या घराची पश्चिमेची भिंत उन्हाळ्यात दुपारनंतर हात लावू देत नाही. आजोबा त्याच खोलीत झोपतात. तुमच्या बाबांनी बजावलं होतं, यंदा खोली थंड झाली नाही तर दोघांनी पुण्याला यायचं, कायमचं. आजोबांना लातूर सोडायचं नव्हतं. आठ दिवसांत त्यांनी थर्माकोलच्या जाड फळ्या आणि त्या चिकटवायला फोमचे डबे मागवले.

डब्यावरच्या सूचना इंग्रजीत, म्हणून ते खातं माझ्याकडे. पोपडे खरवडा, भिंत पुसा, जराशी ओली करा, फळीच्या कडेने फेस सोडा, फळी अर्धा तास दाबून धरा. गवंड्याचा विश्वास बसेना.

"म्याडम, सिमेंट न्हाई, खिळा न्हाई. फेसावर टिकल का हे?"

पहिली फळी लावली. फेस फुगला आणि फळी हळूहळू पुढे आली.

"बघा, बाहेर निघून राहिली!" गवंडी आनंदाने म्हणाला.

खालची ओळ पाच फळ्यांची. ती सुटली तर वरची कशावर उभी राहणार? मग आजोबाच खाली बसले, फळीला पाठ लावून. "अर्धा तास ना? मी रोज असाच बसतो." दुसऱ्या फळीला गवंडी, पुढच्या दोन्हींना शेजारच्या दोघी. पाचवी मी गुडघ्यांवर बसून, दोन्ही हातांनी आणि कपाळाने दाबली. बोलायचं नाही, हसायचं नाही, अशी ताकीद मीच दिली होती. हसलं की पाठ हलते.

तेवढ्यात उमरीहून आजोबांची धाकटी बहीण आली. दार सताड उघडं, आणि त्या दाराआड आजोबा. तिला दिसलं ते एवढंच: शेजारीपाजारी भिंतीला टेकून गप्प बसलेले आणि मी भिंतीला कपाळ लावून. पिशवी टाकून तिने हंबरडा फोडला.

"दादा रं! मी येईपर्यंत तरी थांबायचं होतंस!"

मला मान वळवता येईना. शेजारणीचे खांदे हलू लागले.

"अगं, हाय मी," दाराआडून आवाज आला. "रडू नको. अजून पंधरा मिनिटं उठता येत न्हाई."

ती दाराआड डोकावली. "लाज न्हाई वाटत? माणसं जमवून मेल्यावानी बसून राहिलास!" मग माझ्याकडे वळली. "सरका वहिनी, तुमच्या हातात काय जोर हाय?"

तिने पाचव्या फळीला पाठ लावली आणि उरलेला वेळ डोळे पुसत भावाला शिव्या देत काढला. तिच्या फळीची कड सगळ्यांत सरळ बसली.

त्या उन्हाळ्यात खोलीत नुसता पंखा पुरला. पुण्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

तो गोल रोज तिथेच टेकणाऱ्या आजोबांच्या डोक्याच्या खोबरेल तेलाचा आहे. फळ्या सगळ्या जागेवर आहेत, आणि आम्ही दोघं लातूरलाच आहोत.