मूठमामांचा नमुना

मीठ मुठीनं मोजायचे, म्हणून त्यांना सगळे मूठमामा म्हणत. पिंपात कोळंबीचा चार बोटं थर, त्यावर दीड मूठ मीठ, पुन्हा थर. अठ्ठावीस वर्षं हेच काम. नवा माणूस आला की त्याला ते म्हणत, "ओतू नकोस. ओतलं की मध्ये ढीग होतो आणि कड कोरडी राहते. बोटं हलव." दिवसाला सहा पिंपं. सहाव्या पिंपातला शेवटचा थरसुद्धा पहिल्या पिंपातल्या पहिल्या थरासारखा हवा. हात भरून आला म्हणून थर जाड पडला, तर मामा तो उपसायला लावत. स्वतःचाही उपसत.

दोन दिवस मुरली की कोळंबी एका पाण्यातून काढायची, वाळायला जाळ्यांवर पसरायची आणि दिवसातून चार वेळा उलटायची. तीन वेळा नाही, चार. मग चाळायची आणि पाकिटात भरायची.

एक दिवस कारखान्याच्या मालकीणबाईंनी त्यांना बोलावलं. "मामा, पाकिटामागे आता कोष्टक छापायचंय. शंभर ग्रॅममध्ये प्रथिनं किती, मीठ किती, सगळं. प्रयोगशाळेत किलोभर नमुना पाठवायचाय. नेहमीच्या मालातलाच द्या."

'नेहमीच्या मालातलाच' हे मामांनी ऐकलं, पण डोक्यात घेतलं नाही. आपला माल एवढ्या शिकलेल्या लोकांसमोर जाणार! फोटो काढायला कुणी घरातल्या मळक्या कपड्यांत बसतं का? त्यांनी पिंपातून एकसारखी टपोरी कोळंबी निवडली. एकेक सोलली, डोकी खुडली, पाठीतला काळा दोरा ओढून काढला. एकाऐवजी चार पाण्यांतून काढली. पूर्ण दिवस गेला, मान धरली. पलीकडच्या टेबलावर लेबलं चिकटवणारी बाई बसायची. ती म्हणाली, "काय मामा, हिला लग्नाला पाठवताय की काय?"

"तू तुझी लेबलं सरळ लाव," मामा म्हणाले.

मेहनत खरी होती. फक्त ती चुकीच्या जागी केली होती.

कोष्टक छापून आलं. प्रथिनं अठ्ठावन्न ग्रॅम, मीठ सहा. मालकीणबाई खूश. मामांनी पहिलं पाकीट खिशात घातलं आणि संध्याकाळी ते तडक अक्काकडे गेले.

अक्का म्हणजे मामांची थोरली बहीण. दोन गल्ल्या सोडून राहायची, एकटीच. मामा जेवायला रोज तिच्याकडेच. तिला रक्तदाबाचा त्रास. डॉक्टरांनी दिवसाला एकूण पाच ग्रॅम मीठ सांगितलं होतं, आणि खारवलेल्या कोळंबीवर तर फुलीच मारली होती. आठ महिने तिनं कोळंबी तोंडात घातली नव्हती, आणि आठ महिने ती मामांच्या ताटाकडे बघत जेवत होती.

तिनं भिंग लावून कोष्टक दोनदा वाचलं. "सहाच? मग वीस ग्रॅम खाल्ली तर सव्वा ग्रॅम मीठ झालं. उरलेलं पावणेचार बाकीच्या जेवणाला. बसतं की रे!" दुसऱ्याच दिवशी तिनं स्वयंपाकघरात छोटा वजनकाटा आणला. रोज वीस ग्रॅम. एकवीस भरली तर एक काढून बरणीत परत टाकायची. तव्यावर भाजली की तिचा चेहरा असा उजळायचा, की मामा बघतच राहायचे.

तीन महिन्यांनी ती दवाखान्यातून आली ती पाय आपटतच.

"रक्तदाब वाढलाय म्हणे. डॉक्टर म्हणतो, आजी, तुम्ही चोरून मीठ खाता. मी! चोरून! या वयात!" तिनं पिशवी ओट्यावर आपटली. "उद्या तू चल माझ्याबरोबर. ते कोष्टक दाखव त्याला. म्हणावं, आमच्या कारखान्याचं आहे, खोटं नाही."

मामांच्या हातातला घास हातातच राहिला. पिंपातले थर, दीड मूठ मीठ, एक पाणी. आणि नमुन्याला चार पाणी. इतके दिवस हे त्यांच्या डोक्यात कसं आलं नाही? गप्प बसलो तर ही उद्या पुन्हा वीस ग्रॅम खाणार. परवाही. आणि मोठ्या विश्वासानं.

अक्कानं बरणीकडे हात नेला.

"ती नको घेऊस," मामा म्हणाले.

"का? कुबट झाली?"

"कोष्टक चुकलंय. म्हणजे, त्यांचं नाही चुकलं. मी नमुना सोलून पाठवला. चारदा धुऊन."

अक्का त्यांच्याकडे बघत राहिली. "सोलून? सगळी?"

"किलोभर. दोरेसुद्धा काढले."

"आणि चोर मी ठरले," अक्का म्हणाली. तिचा पदर तोंडाशी गेला. मामांना वाटलं रडते आहे. ती हसत होती. "लहानपणीही तू असाच. शाळेत वही तपासायला द्यायची म्हणून रात्र जागून दुसऱ्या वहीत उतरवून काढायचास. बाईंनी मूळ वही मागितली होती रे, वेड्या!"

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात मामांनी सगळं उभं राहून सांगितलं. डॉक्टरांनी अक्काची माफी मागितली. मग मामांना म्हणाले, "मीठ नक्की किती आहे ते आधी कळू द्या. तोवर बंद."

तिथून मामा थेट मालकीणबाईंकडे गेले. "मी नेहमीचा माल नव्हता दिला," एवढं एकच वाक्य त्यांनी वाटेत तयार केलं होतं. मालकीणबाईंनी कपाळावर हात मारला. "मामा, असं कुणी करतं का हो?" पण दुकानांना फोन त्यांनी तेव्हाच लावले आणि पाकिटं परत मागवली. या वेळी नमुन्याला मामांनी हात लावायचा नाही असं ठरलं. लेबलवाल्या बाईनं डोळे मिटून फळीवरची चार पाकिटं उचलली. "बघा मामा, एकही नटवली नाही," ती म्हणाली. मामांच्याच सांगण्यावरून एक नमुना अर्धा तास पाण्यात भिजवून, पाणी टाकून तपासला गेला.

खरे आकडे आले. प्रथिनं सत्तेचाळीस, मीठ चौदा. भिजवलेल्या नमुन्यात मीठ निम्म्याहून कमी. परत आलेल्या पाकिटांवर नवीन कोष्टक चिकटवायला चार दिवस लागले. मामा पिंपांचं काम संपवून रोज लेबलं लावायला बसत. चारही कोपरे अंगठ्यानं दाबत. लेबलवाली तीन दाबायची. तिलाही चौथा दाबायला लावला. खाली एक ओळ वाढली होती: अर्धा तास भिजवून पाणी टाकून द्यावे.

डॉक्टरांनी आकडे बघून अक्काला आठवड्यातून दोनदा, दहा ग्रॅम, भिजवून, अशी परवानगी दिली. रक्तदाब उतरायला दीड महिना लागला. उतरला.

त्या दिवशी अक्कानं दहा ग्रॅम मोजली. भिजवलेलं पाणी मामांनी स्वतः मोरीत ओतलं. कोळंबी भाजून दोन ताटांत आली. अक्का भिंगातून नवीन कोष्टक वाचत होती.

"अरे, हे कॅल्शियम बघितलंस का? आधीच्या सहापट झालंय! ते कुठून आलं?"

"सालीतून. नमुन्याची साल मी काढली होती ना."

अक्कानं भिंग खाली ठेवलं. एक कोळंबी तोंडात टाकून सावकाश चावली. मामांनी सवयीनं तिच्या ताटातली एक उचलून शेपटीची साल नखानं सोलायला घेतली.

तिनं त्यांच्या हातावर फटका मारला.

"राहू दे तशीच."